ब्रोकरची टॅक्स फाईल रिटर्नमध्ये चढत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी रिटर्न भरून देण्याचं काम करतो. पूर्वी माझ्याकडे शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतली मंडळी फॉर्म 16 घेऊन यायची आणि पंधरा मिनिटांत मोकळी व्हायची. आता त्याच मंडळींच्या मोबाईलमध्ये शेअरचं अ‍ॅप आहे. संत्र्याच्या बागेचे पैसे आले की थोडे शेअरमध्ये टाकणारा शेतकरी आहे, तसा दिवसभर इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) करणारा पोरगाही आहे. त्यात रिटर्नची मुदत नेमकी डवरणी-निंदणाच्या दिवसांत येते, त्यामुळे सगळ्यांनाच घाई असते. ब्रोकरची फाईल सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, हिरवी खूण आली की सबमिट करायचं. या घाईत आपल्या लोकांचा पैसा जातो, आणि गेला हेसुद्धा त्यांना कळत नाही. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. आकडे आणि दर आर्थिक वर्ष 2024-25 म्हणजे निर्धारण वर्ष 2025-26 च्या रिटर्नचे आहेत. जिथे पुढच्या वर्षाचं सांगितलं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

ब्रोकरकडून नेमकी कोणती फाईल घ्यायची? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ चालते का?

पीडीएफ वाचायला चांगली, चढवायला निरुपयोगी. तुम्हाला ‘टॅक्स पी अँड एल’ किंवा ‘कॅपिटल गेन स्टेटमेंट’ नावाची एक्सेल फाईल हवी. झिरोधासारख्या ब्रोकरकडे ती अ‍ॅपपेक्षा वेबसाईटवरच्या रिपोर्टच्या भागात सापडते, तेव्हा मोबाईलवर शोधत बसू नका, संगणकावर उघडा. फाईल काढताना आर्थिक वर्ष बरोबर निवडा. 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 म्हणजे ‘2024-25’. इथे ‘2025-26’ निवडणारे पुष्कळ भेटतात, कारण रिटर्नवर निर्धारण वर्ष 2025-26 असं छापलेलं असतं.

नुसती ‘होल्डिंग’ची फाईल किंवा लेजर आणू नका. होल्डिंगमध्ये न विकलेले शेअर असतात आणि लेजरमध्ये पैशांची ये-जा. कर लागतो तो विक्रीतल्या नफ्यावर.

फाईल पासवर्ड मागते. कोणता?

प्राप्तिकर खात्याच्या एआयएसचा (खात्याकडे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची जी नोंद असते तिचा) पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता. जन्मतारखेत आधी दिवस, मग महिना, मग चार आकडी वर्ष. ब्रोकरच्या कागदांना बहुधा मोठ्या लिपीतला पॅन चालतो. जन्मतारीख पॅन कार्डावर आहे तीच टाकायची. शाळेच्या दाखल्यावर 1 जून आणि पॅनवर वेगळी तारीख, असं आपल्याकडच्या जुन्या मंडळींचं सर्रास असतं.

“भाऊ, फाईल टाकली तं सगळं लालच येऊन रायलं. काऊन?”

हा माझ्याकडचा सर्वांत नेहमीचा प्रश्न. उत्तरासाठी चढवायची फाईल, म्हणजे एक्सेलमधून जतन केलेली सीएसव्ही, एक्सेलमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये उघडा. एक्सेल आपल्याला सजवलेला चेहरा दाखवतं. सॉफ्टवेअर जे खरोखर वाचतं ते नोटपॅडमध्ये दिसतं.

आयटीआर-2 या रिटर्नच्या फॉर्ममधल्या शेड्यूल 112ए ला (दीर्घ मुदतीच्या शेअर-नफ्याच्या तक्त्याला) सीएसव्ही फाईल लागते. तिच्यात दोन रकान्यांची हद्द स्वल्पविरामाने पडते. आता रक्कम आपल्या सवयीने 1,12,500 अशी लिहिली, तर सॉफ्टवेअरच्या लेखी तो एक आकडा राहत नाही. 1 एका रकान्यात, 12 दुसऱ्यात, 500 तिसऱ्यात, आणि पुढची अख्खी ओळ दोन घरं सरकते. विक्री किमतीच्या जागी भलतंच येतं आणि लाल पट्टी उमटते. उपाय साधा आहे. एक्सेलमध्ये आकड्यांचे सगळे रकाने निवडून ‘नंबर’ करा, हजारांचा स्वल्पविराम काढून टाका, रुपयाचं चिन्ह काढा, मग सीएसव्ही म्हणून जतन करा.

दुसरं कारण आपल्या भागाचं खास आहे. बऱ्याच केंद्रांवर संगणकाचा कीबोर्ड मराठीवर ठेवलेला असतो, कारण दिवसभर सातबारा, दाखले, अर्ज यांचं काम चालतं. त्याच कीबोर्डवरून कोणी एखादी रक्कम दुरुस्त केली की ती १२५०० अशी देवनागरी अंकांत पडते. तुम्हा-आम्हाला तो आकडा आहे, सॉफ्टवेअरला ते अक्षर आहे. एका काकांच्या फाईलमध्ये एकच ओळ नापास होत होती. पाऊण तास गेल्यावर दिसलं की शेअरची संख्या ‘४०’ होती आणि बाकी सगळे आकडे इंग्रजी अंकांत. तो एक आकडा बदलला आणि फाईल चढली.

तिसरं म्हणजे टेम्पलेट. 112ए ची कोरी सीएसव्ही युटिलिटीतूनच (रिटर्न भरायच्या खात्याच्या सॉफ्टवेअरमधूनच) डाऊनलोड करायची, मागच्या वर्षीची वापरायची नाही. 2024-25 साठी तिच्यात विक्री 23 जुलै 2024 च्या आधीची की त्या दिवशीची व नंतरची, हे सांगणारा रकाना वाढला होता. जुनी फाईल टाकली की सगळंच चुकतं. वरच्या शीर्षकाच्या ओळीला हात लावू नका, तिचं मराठीही करू नका.

ब्रोकरच्या फाईलमध्ये वर चार-पाच ओळी नावाच्या आणि पत्त्याच्या असतात, खाली ‘टोटल’ची ओळ असते. त्या ओळी उडवा, नाहीतर ‘टोटल’ नावाचा एक शेअर तुम्ही विकला असं सॉफ्टवेअर धरू शकतं आणि नफा दुप्पट होतो.

आणखी एक छुपी गोष्ट आहे. काही ब्रोकरची फाईल नावाने एक्सेल असते, पण आतून वेबपानच असतं. उघडताना एक्सेल ‘फाईलचा प्रकार आणि नाव जुळत नाही’ अशी सूचना देतं. ती दिसली तर फाईल उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ने खरी एक्सेल वर्कबुक म्हणून जतन करा आणि तीच चढवा.

फाईल चढली, पण खरेदी-विक्रीच्या तारखा उलट्यापालट्या झाल्या. काय करावं?

तुमच्या संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकी आहे. तिथे महिना आधी लिहितात. मग 05/08/2024 म्हणजे आपली 5 ऑगस्ट ही 8 मे होऊन बसते. याला किरकोळ चूक म्हणू नका. 23 जुलै 2024 पासून अल्प मुदतीच्या (वर्षभरापर्यंत ठेवलेल्या शेअरच्या) नफ्यावरचा कर 15 टक्क्यांवरून 20 टक्के झाला आणि दीर्घ मुदतीचा (वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्यांचा) 10 वरून साडेबारा टक्के. ऑगस्टची विक्री मेमध्ये गेली की रिटर्नात कर कमी निघतो, आणि पुढे खात्याची नोटीस तुमच्या दारात.

ओळखायची खूण सांगतो. एक्सेलमध्ये तारखेचा रकाना रुंद करा. खऱ्या तारखा उजव्या कडेला चिकटतात, ज्या एक्सेलला तारीख म्हणून कळल्याच नाहीत त्या डावीकडे. 25/08/2024 सारखी तारीख डावीकडे दिसली तर समजा, एक्सेलने पंचविसावा महिना शोधला आणि सापडला नाही. मग उजवीकडच्या तारखांवरही विश्वास ठेवू नका, त्यांचे दिवस-महिने आधीच अदलाबदल झालेले आहेत. फाईल बंद करा, जतन करू नका. विंडोजच्या ‘रिजन’मध्ये इंग्रजी (भारत) निवडा आणि मूळ फाईल ब्रोकरकडून नव्याने काढून उघडा.

एक्सेल युटिलिटीची बटणंच दाबली जात नाहीत.

इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट आता आपोआप अडवतं. फाईलवर उजवं क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’ उघडा, खाली ‘अनब्लॉक’समोर खूण करा, मग फाईल उघडून ‘एनेबल कंटेंट’ दाबा. फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये ही युटिलिटी नीट चालत नाही. मॅक्रोची कटकट नको असेल तर खात्याची संगणकावर बसवायची ‘कॉमन ऑफलाईन युटिलिटी’ घ्या. फक्त दर वेळी नवी आवृत्ती आली का ते पाहा. प्रीफिलची (खात्याने आधीच भरून दिलेल्या माहितीची) जेसन फाईल जुन्या आवृत्तीत जात नाही, तेव्हा बहुधा एवढंच कारण असतं.

फाईल चढली, लाल काही नाही. पण कर भरमसाठ दिसतो. चूक कुठे शोधायची?

खरेदी किमतीच्या रकान्यात. सगळ्यांत आधी तिथेच बघा.

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. फाईल चढली म्हणजे ती बरोबर आहे असं होत नाही. सॉफ्टवेअर रकाने भरले आहेत का एवढंच तपासतं. भरलेलं खरं आहे का, हे तुम्हालाच माहीत असतं.

एक निवृत्त गुरुजी आले होते. 2019 मध्ये त्यांनी एका कंपनीचे 600 शेअर 610 रुपयांनी घेतले, म्हणजे 3,66,000 रुपयांचे. दोन वर्षांनी ब्रोकर बदलला आणि शेअर नव्या खात्यात हलवले. डिसेंबर 2024 मध्ये ते 850 रुपयांनी विकले, आले 5,10,000. नव्या ब्रोकरला हे शेअर कितीला घेतले ते ठाऊक नव्हतं, कारण त्याच्याकडे ते खरेदीने आलेच नव्हते, नुसते हलून आले होते. त्याच्या फाईलमध्ये खरेदी किंमत शून्य होती. सॉफ्टवेअरने ती शून्य म्हणूनच घेतली आणि हिरवी खूण दाखवली.

हिशोब असा झाला. शून्य खरेदी धरून नफा 5,10,000. त्यातून दीर्घ मुदतीच्या नफ्यावरची सव्वा लाखाची सूट गेली, उरले 3,85,000. साडेबारा टक्क्यांनी 48,125, वर 4 टक्के उपकर, एकूण 50,050 रुपये. खरा नफा होता 1,44,000. सूट वजा जाता 19,000, त्यावर कर 2,375 आणि उपकरासह 2,470. फरक 47,580 रुपयांचा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. म्हणजे सहा क्विंटलांहून जास्त कापूस एका रिकाम्या रकान्यापायी गेला असता. गुरुजी भरायला तयारही होते. “सरकारनं काढला म्हणजे बरोबरच असन,” म्हणाले. हा आकडा सरकारने काढलेला नव्हता, तो एका अर्धवट फाईलने काढला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बियाण्याच्या जुन्या थैलीत जपून ठेवलेले कागद आणले. त्यात 2019 ची कॉन्ट्रॅक्ट नोट (व्यवहाराची ब्रोकरने दिलेली पावती) होती. तिच्यावरून खरेदी किंमत हाताने भरली.

तुमच्याकडे कॉन्ट्रॅक्ट नोट नसेल तर जुन्या ईमेलमध्ये शोधा, व्यवहार झाला की ब्रोकर ती ईमेलवर पाठवतात. तेही नसेल तर जुन्या ब्रोकरला लेखी मागा. खातं बंद झालं असलं तरी मागा. बँकेच्या पासबुकातली त्या दिवसाची रक्कम आणि डिमॅटचं स्टेटमेंट जोडीला ठेवा. अंदाजाने आकडा मात्र टाकू नका. आणि शेअर हलवले म्हणजे धारणेचा काळ नव्याने सुरू होत नाही, तो मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजायचा. काही फायलींत हलवल्याची तारीखच खरेदीची म्हणून येते आणि दीर्घ मुदतीचा नफा अल्प मुदतीचा होतो. तेही बघा.

शेअरचे तुकडे झाले होते, बोनस मिळाला होता. सॉफ्टवेअर म्हणतं, “एवढे शेअर तुमच्याकडे नव्हतेच.”

शेअरचं दर्शनी मूल्य बदललं की त्याचा बारा अक्षरांचा आयएसआयएन क्रमांकही बदलतो. तुम्ही 10 रुपये दर्शनी मूल्याचे 50 शेअर 2,000 ने घेतले, नंतर एकाचे पाच झाले. विकताना तुमच्याकडे 250 शेअर, तेही नव्या क्रमांकाचे. सॉफ्टवेअर नव्या क्रमांकाची खरेदी शोधतं, ती सापडत नाही. खरेदीची ओळ तुम्हीच दुरुस्त करा. संख्या 250, दर 400, तारीख मूळचीच, क्रमांक नवा. एकूण खर्च आधी 1,00,000 होता, आताही 1,00,000 च राहिला पाहिजे.

बोनसचं वेगळं आहे. 31 जानेवारी 2018 नंतर मिळालेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत खरोखरच शून्य असते. तिथे शून्य दिसलं म्हणून घाबरू नका. धारणेचा काळ बोनसचं वाटप (अलॉटमेंट) झालं त्या दिवसापासून.

31 जानेवारी 2018 चं काय प्रकरण आहे? सॉफ्टवेअर त्या दिवसाचा भाव मागतं.

सूचीबद्ध शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 2018 च्या अर्थसंकल्पाने पुन्हा कर आणला. त्या दिवसापर्यंत वाढलेली किंमत मात्र करातून सोडली. म्हणून त्याआधीच्या शेअरला 31 जानेवारी 2018 चा बाजारातला सर्वांत वरचा भाव लागतो. तो भाव आणि विक्री किंमत यांतली कमी रक्कम घ्यायची. ती आणि तुमची खरी खरेदी यांतली जास्त असेल ती खरेदी किंमत धरायची.

समजा 2012 मध्ये 90 ने घेतला, त्या दिवशीचा भाव 240, विकला 300 ला. खरेदी धरायची 240, नफा 60. रकाना रिकामा सोडला तर नफा 210 दिसतो. विकला 200 ला असता तर खरेदी 200 धरली जाते, नफा शून्य. पण नुकसानही दाखवता येत नाही.

या जुन्या शेअरची प्रत्येक कंपनी वेगळ्या ओळीत द्यावी लागते. 31 जानेवारी 2018 नंतर घेतलेल्यांची एकत्र बेरीज चालते. ब्रोकरने दोन्ही एकाच ढिगात दिले असतील तर आधी वेगळे करा.

वडील वारले, त्यांचे शेअर माझ्या नावावर झाले आणि मी विकले. खरेदी किंमत कोणती?

वडिलांनी दिली होती तीच, आणि काळही त्यांच्या खरेदीपासून मोजायचा. वारसाने आले त्या दिवशीचा भाव धरायचा नाही. ब्रोकरच्या फाईलला हे कधीच कळत नाही, ते हातानेच भरावं लागतं. घरात जुनी कागदी प्रमाणपत्रं, लाभांशाच्या पावत्या काही सापडतं का ते एकदा निवांत बघा. पेटीच्या तळाशी असतात.

एआयएसमधली विक्रीची रक्कम आणि ब्रोकरची रक्कम जुळत नाही. खरी कोणती?

तुमचा खरा व्यवहार ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये असतो. एआयएसमधली शेअर विक्री एनएसडीएल आणि सीडीएसएल या डिपॉझिटरी (डिमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्था) कळवतात. शेअर गेल्याचं त्यांना दिसतं, पण तुम्हाला नेमका काय भाव मिळाला ते नाही. म्हणून त्या दिवसअखेरच्या भावाने रक्कम काढलेली असते. तिथली खरेदी किंमतही अंदाजाची असू शकते. थोडाफार फरक पडणारच. रिटर्नात कॉन्ट्रॅक्ट नोटप्रमाणेच भरा.

एआयएसमध्ये एखादी विक्री आहे आणि ब्रोकरच्या फाईलमध्ये ती नाहीच, असं असेल तर मात्र थांबा. बहुधा तुमचं दुसऱ्या ब्रोकरकडे विसरलेलं खातं असतं. व्यवहार तुमचा नसेलच तर एआयएसमध्ये त्या ओळीवर ‘ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे’ असा अभिप्राय नोंदवा आणि त्याची पावती जपून ठेवा.

सॉफ्टवेअर ब्रोकरकडूनही आणि एआयएसमधूनही माहिती घ्यायला विचारतं. दोन्हीकडून घेऊ का?

नाही. शेअरची विक्री एकाच ठिकाणाहून घ्या, ब्रोकरकडून. दोन्हीकडून घेतली तर प्रत्येक विक्री दोनदा मोजली जाते. चुकून तसं झालं असेल तर एकेक ओळ पुसत बसू नका, भांडवली नफ्याचा तो भाग पूर्ण रिकामा करून पुन्हा चढवा. लाभांशाचं उलट आहे. तो एआयएसवरून घ्यावा, कारण बँकेत टीडीएस कापून उरलेली रक्कम येते आणि रिटर्नात पूर्ण रक्कम दाखवायची असते.

क्रमही महत्त्वाचा. आधी प्रीफिल, मग ब्रोकरची फाईल, मग हाताने भरायचं ते. नंतर पुन्हा प्रीफिल घेतलं तर हाताने भरलेलं पुसलं जाऊ शकतं.

घरातल्या तिघांची खाती एकाच मोबाईल क्रमांकावर असतील तर फाईलवरचा पॅन आधी वाचा. बायकोची फाईल नवऱ्याच्या रिटर्नात चढलेली मी पाहिली आहे. बायकोच्या नावे, पण नवऱ्याच्या पैशांनी घेतलेल्या शेअरचं उत्पन्न कायद्याने नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. तेव्हा पैसे कोणाचे होते तेही खरं सांगा.

म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट कुठून?

कॅम्स आणि केफिनटेक या दोघांकडून, ईमेलवर मागवता येतं. फंड वेगवेगळ्या अ‍ॅपवरून घेतले असले तरी बहुतेक सगळे या दोन ठिकाणी मिळतात. चढवल्यावर डेट फंड (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारे) तपासा. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षं ठेवला तरी अल्प मुदतीचाच, आणि कर तुमच्या स्लॅबप्रमाणे. सॉफ्टवेअर त्याला शेअरच्या 20 टक्क्यांत टाकत असेल तर हलवा. छोट्या स्लॅबच्या माणसाचं त्यात नुकसान होतं.

कंपनीने शेअर परत विकत घेतले, ते पैसे कुठे दाखवू?

1 ऑक्टोबर 2024 पासून 2024-25 मध्ये झालेल्या बायबॅकची पूर्ण रक्कम लाभांश म्हणून इतर उत्पन्नात जाते. त्या शेअरची विक्री किंमत शून्य धरायची, म्हणजे खरेदीची सगळी रक्कम भांडवली नुकसान ठरते आणि ते पुढे वापरता येतं. फाईल जर याला साधी विक्री दाखवत असेल तर ती ओळ दुरुस्त करा. नुकसानीचा हक्क सोडू नका.

ब्रोकरने दाखवलेले सगळे खर्च वजा होतात का?

ब्रोकरेज, त्यावरचा जीएसटी, एक्स्चेंजचं शुल्क, स्टॅम्प ड्युटी चालते. एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर) भांडवली नफ्यातून वजा होत नाही. पुष्कळ फायलींत तो ‘चार्जेस’च्या एकाच रकमेत मिसळलेला असतो, तेवढा वेगळा काढा.

शेवटी ‘तिमाहीची बेरीज जुळत नाही’ अशी चूक येते आणि रिटर्न पुढे सरकत नाही.

शेड्यूल सीजीच्या (भांडवली नफ्याच्या भागाच्या) शेवटी ‘एफ’ तक्ता आहे. नफा कधी झाला ते त्यात पाच तुकड्यांत सांगायचं असतं: 15 जूनपर्यंत, 15 सप्टेंबरपर्यंत, 15 डिसेंबरपर्यंत, 15 मार्चपर्यंत आणि 31 मार्चपर्यंत. आगाऊ कराचं व्याज यावरून ठरतं. ब्रोकरची फाईल इथे बहुधा कच्चे आकडे आणते आणि तक्त्याला नुकसान वजा जाऊन उरलेला नफा हवा असतो.

एप्रिल-मे मध्ये 40,000 नफा आणि नोव्हेंबरमध्ये 15,000 तोटा झाला असेल, तर फाईल पहिल्या घरात 40,000 आणि तिसऱ्यात उणे 15,000 लिहिते. तक्ता उणे आकडा घेत नाही. पहिल्या घरात 25,000 करा, तिसऱ्यात शून्य. बेरीज बीएफएलए (मागच्या वर्षांचं नुकसान वजा करणाऱ्या) शेड्यूलमधल्या त्याच दराच्या नफ्याशी जुळली पाहिजे. मागच्या वर्षांचं नुकसान वापरलं असेल तर तेही वजा करूनच. सव्वा लाखाची सूट मात्र इथे वजा करू नका, ती पुढे विशेष दराच्या शेड्यूलमध्ये आपोआप बसते. एका रुपयाच्या फरकानेही अडतं, तेव्हा पैशांचे पूर्ण रुपये करताना सांभाळा.

“पोरानं ऑप्शनमध्ये पैसे घालवले. तोटाच झाला, तं दाखवाचं काऊन?”

दाखवायचं, कारण तोटासुद्धा कमावलेल्या हक्कासारखा जपायचा असतो. फ्युचर-ऑप्शनचा तोटा व्यवसायाचा धरला जातो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो. इंट्राडेचा तोटा सट्ट्याचा, तो चार वर्षं, आणि फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. पण अट एक आहे. रिटर्न मुदतीत गेलं पाहिजे. 2024-25 साठी ती 31 जुलैवरून 15 सप्टेंबर 2025 आणि शेवटी 16 सप्टेंबर झाली होती. त्यानंतर भरलेल्या रिटर्नात हा तोटा पुढे नेता येत नाही.

या दोन्हींना आयटीआर-3 लागतो. आयटीआर-2 उघडून फाईल चढवली तर हा भाग गपचूप गळून पडतो किंवा अल्प मुदतीच्या नफ्यात घुसतो. फॉर्म आधी निवडा, फाईल नंतर.

आई-बापांना मी एक सांगतो. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनच्या व्यवहारांतल्या 93 टक्के व्यक्तींना तोटा झाल्याचं आढळलं. पोरगा एकटा नाही. त्याला रागावण्याआधी त्याच्यासोबत बसून पूर्ण फाईल बघा. किती गेलं ते कागदावर स्वच्छ येऊ द्या. लपवलेल्या तोट्यावर कर्ज चढतं.

शेतीचं उत्पन्न आहे. ते या फाईलमध्ये येत नाही, मग लिहायचं का?

लिहायचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण शेड्यूल ईआयमध्ये (करमुक्त उत्पन्नाच्या भागात) दाखवावं लागतं, आणि ते कुठलीच फाईल आणत नाही. 5,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-1 चालत नाही. 5 लाखांवर गेलं तर जमिनीचा जिल्हा व पिनकोड, क्षेत्रफळ एकरात, स्वतःची की मक्त्याची, आणि ओलिताची की कोरडवाहू हेही द्यावं लागतं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक हेक्टर म्हणजे साधारण 2.47 एकर, तेवढा गुणाकार करूनच लिहा. इतर उत्पन्न मूळ सवलतीच्या मर्यादेवर गेलं तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मोजलं जातं, म्हणून ते दडवूही नका, फुगवूही नका.

बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात. मग शेअरच्या नफ्यावर का लागला?

ती सूट आर्थिक वर्ष 2025-26 पासूनची आहे, आणि विशेष दराच्या उत्पन्नाला, म्हणजे शेअरच्या नफ्याला, ती लागू नाही. मात्र तुमचं दुसरं उत्पन्न मूळ सवलतीपेक्षा कमी असेल (नव्या पद्धतीत 2024-25 साठी 3 लाख), तर उरलेली सवलत नफ्यावर वापरता येते. सॉफ्टवेअर ते आपोआप करतं, फक्त तुमची स्थिती ‘निवासी’ निवडलेली हवी. ती चुकली असेल तर उगाच कर दिसतो.

मध्येच लाईट जाते, नेटवर्क तुटतं. भरलेलं जातं का?

पोर्टलवर ऑनलाईन भरत असाल तर जाऊ शकतं. खेड्यात बसून भरताना ऑफलाईन युटिलिटीच बरी. सगळं निवांत भरा, दर शेड्यूलनंतर ड्राफ्ट जतन करा, आणि फक्त जेसन चढवायला नेटवर्क असेल तिथे जा. रिटर्न गेल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय केलं नाही तर ते वेळेत भरलं असं धरत नाहीत. आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडला असेल तर चालू क्रमांक आधी आधार केंद्रावर जोडून घ्या, शेवटच्या दिवशी नव्हे.

रिटर्न गेलं आणि नंतर फाईलमधली चूक सापडली.

2024-25 साठी 31 डिसेंबर 2025 पर्यंत सुधारित रिटर्नची सोय होती. त्यानंतर उरतं ते अद्ययावत रिटर्न, निर्धारण वर्ष संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत. पण त्यात जादा कर द्यावा लागतो आणि त्याने परतावा वाढवता येत नाही. म्हणजे गुरुजी भरायला निघाले होते तसा जास्त भरलेला कर त्या वाटेने परत येत नाही. सदोष रिटर्नची, म्हणजे कलम 139(9) ची नोटीस आली तर उत्तराला 15 दिवस असतात. ती ईमेलवर येते. नोंदवलेला ईमेल केंद्रचालकाचा असेल तर तुम्हाला कळणारच नाही. पोर्टलवर प्रोफाईलमध्ये जाऊन तिथे स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाईल टाका, आजच.